अठ्ठावीस बोर

दत्ताराम माणसांना बोरावरून ओळखायचा. बंदुकीच्या बोरावरून, म्हणजे नळीच्या मापावरून. त्याच्या लेखी मी बारा बोर होते. ‘आवाज मोठो, धक्को मोठो, आणि बाजूक उभो ऱ्हवलेल्याचे कान बसतत,’ असं तो बाकीच्या ड्रायव्हर लोकांत सांगायचा, माझ्या देखत. मालकांचा मुलगा युसूफ म्हणजे त्याच्या मते हवेची बंदूक, जत्रेत फुगे फोडायची. स्वतःबद्दल विचारलं की म्हणायचा, मी बंदूक नाही, मी बंदुकीचा पट्टा. खांद्यावर टाकलं की झालं.

गेल्या महिन्यात त्याच्या मुलीचा फोन आला. वडील गेले म्हणाली. सकाळी चहा पिऊन ओटीवर बसले आणि बसल्या जागी गेले. मी बरं म्हटलं. अशा वेळी काय बोलायचं ते मला येत नाही. तिने विचारलं, बहारीनला ते कसे होते? घरी कधी काही सांगायचे नाहीत. मी म्हटलं, बाई, फोनवर सांगण्यासारखं नाही. मग लिहून ठेवावं असं वाटलं. माझी शाळा चौथीपर्यंतची, तेव्हा जसं येईल तसं लिहिते.

मनामात एका व्यापाऱ्याच्या घरी मी स्वयंपाकाला होते, अजूनही आहे. माझा नवरा मआमीरला वर्कशॉपमध्ये होता, तो वारल्यावर मी गावी न जाता इथेच राहिले. दत्ताराम त्याच घरात ड्रायव्हर. तो सावंतवाडीकडचा, मी देवगडची. म्हणजे गाववाले नाही, पण परदेशात तेवढं पुरतं. तो मला वयनी म्हणायचा. घराच्या मागे त्याची एक खोली होती. थोरल्या मालकांना आम्ही बाबा म्हणत असू, इथे नोकरमाणसं तसंच म्हणतात. बाबांना पाखरांच्या शिकारीचा नाद. बहारीनमध्ये शिकार करता येत नाही, म्हणून दर वर्षी थंडी सुरू झाली की ते मोरोक्कोला जायचे, तित्तर मारायला. दत्ताराम बरोबर जायचा. बंदुका पुसायच्या, काडतुसं हातात द्यायची, पडलेली पाखरं मोजून आणायची, हे त्याचं काम. गावी त्याच्या वडिलांकडे लायसनची एकनळी होती, रानडुकरांपासून शेत राखायला. तेवढ्या जोरावर तो स्वतःला बंदुकांचा डॉक्टर समजायचा.

बढाया मारण्यात त्याचा हात कोणी धरला नसता. गावातल्या कोणा एका माणसाची गोष्ट तो नेहमी सांगायचा. त्याने बारा बोरच्या नळीत चुकून वीस बोरचं काडतूस घातलं. ते बारीक, घसरून पुढे जाऊन अडकलं. नळी रिकामी आहे असं समजून त्याने मागून बाराचं घातलं आणि घोडा ओढला. नळी फुटली आणि डाव्या हाताची बोटं गेली. पहिल्यांदा ऐकली तेव्हा दोन बोटं गेली होती. पुढच्या वर्षी तीन झाली. मी म्हटलं, दत्ताराम, अजून दोन वर्षांनी त्या माणसाचा हात खांद्यापासून जाईल. तो रागावून जेवायला आला नाही. संध्याकाळी आला आणि म्हणाला, तीनच होती, मी मोजलीत.

तरी वीसचं काडतूस त्याने कधी घरात येऊ दिलं नाही. एका घरात दोन बोर नकोत, हा त्याचा कायदा. एकच बोर, एकच पिशवी. डोळे झाकून हात घातला तरी चूक होता कामा नये. तसं वीसचं काडतूस पिवळं असतं, ओळखू यावं म्हणून. पण त्याचं म्हणणं, पहाटेच्या अंधारात सगळे रंग एकच.

मग बाबांच्या हृदयाला त्रास झाला. डॉक्टरांनी छातीत डाव्या बाजूला, गळ्याच्या हाडाखाली, बॅटरीचं मशीन बसवलं. ते तिथेच बसवतात. बहुतेकांना त्याचं काही नसतं, कारण बंदूक उजव्या खांद्याला लावतात. बाबा डावखुरे. बंदुकीचा दस्ता नेमका त्या मशीनवर टेकणार. डॉक्टर म्हणाले, बंदूक बंद.

बाबांचं जेवण कमी झालं. माझ्याकडे परत येणाऱ्या ताटावरून मला कळायचं. मासा तसाच, भात उकरलेला. युसूफ म्हणाला, वय झालंय, आता घरी बसा, टीव्ही बघा. तो वाईट मुलगा नाही. त्याला बापाची काळजी होती आणि काळजी करणाऱ्या माणसाला समोरच्याचं ऐकू येत नाही, एवढंच.

दत्ताराम मात्र उठला आणि तोड शोधायला लागला. फोनवर व्हिडिओ बघायचा, बंदुकांच्या दुकानातल्या माणसाला छळायचा. एका सकाळी माझ्या स्वयंपाकघरात येऊन म्हणाला, ‘वयनी, पीठ दी गे जरा.’ मी चपात्यांची कणीक मळून ठेवली होती. तिचे त्याने दोन सारखे गोळे केले. म्हणाला, हे समज एक रतल, म्हणजे पौंडभर, शिसं. याच्या बारा गोळ्या केल्या तर एकेक केवढी? बारा लिंबाएवढ्या गोळ्या केल्या. आता दुसऱ्या रतलाच्या अठ्ठावीस केल्या. त्या झाल्या सुपारीएवढ्या. गोळी जेवढी, नळी तेवढी. म्हणून आकडा वाढला की बंदूक बारीक होते, धक्का कमी होतो. बारा म्हणजे लाथ, वीस म्हणजे धक्का, अठ्ठावीस म्हणजे खांद्यावर हात ठेवल्यासारखं.

त्या दिवशी घरात चाळीस लहानमोठ्या चपात्या झाल्या. युसूफच्या बायकोने विचारलं, या एवढ्याशा का? मी म्हटलं, त्या अठ्ठावीस बोर आहेत.

बाबांनी त्याला डॉक्टरकडे नेलं आणि डॉक्टरसमोर त्याला हे सगळं सांगायला लावलं, म्हणजे कणीक सोडून. डॉक्टर हसले. मग मशीनच्या कंपनीला विचारून म्हणाले, खांद्याला जाड गादी लावा, मोजक्या गोळ्या झाडा, आणि एक हंगाम बघू. बाबा घरी आले ते पायऱ्या चढून आले. लिफ्ट घेतली नाही.

युसूफने घालायचा तेवढा वाद घातला. त्याचं म्हणणं सरळ होतं. घ्यायचीच तर वीस घ्या. वीसचं काडतूस कुठेही मिळतं. अठ्ठावीसचं कोण ठेवतं? मोरोक्कोला बारा मिळेल, सोळा मिळेल, अठ्ठावीस विचारलं तर दुकानदार तोंडाकडे बघेल. दत्तारामचं म्हणणंही तयार होतं. युसूफ स्वतः बारा चालवतो, बापाकडे वीस आलं की घरात ती दोन काडतुसं एकत्र आली, आणि मग त्या गावच्या माणसाची तीन बोटं. अठ्ठावीसचं इतकं बारीक की बाराच्या नळीतून बहुतेक सरळ पुढे घरंगळून पडतं, निदान दिसतं. आणि मिळत नाही तर काय झालं? आपण घेऊन जाऊ. ‘मफी मुश्किल.’ हे त्याचं पालुपद. म्हणजे काही अडचण नाही. इथे आल्यावर शिकलेला पहिला अरबी शब्द असेल त्याचा. गाडी पंक्चर झाली, मफी मुश्किल. पगार उशिरा झाला, मफी मुश्किल.

बाबांनी दत्तारामचं ऐकलं. बंदूक इटलीहून मागवली, दस्ता डावखुऱ्यासाठी वाकवून. यायला अख्खा उन्हाळा गेला. आली तेव्हा दत्तारामने ती माझ्या हातात दिली. मी म्हटलं, ही तर लाटण्याएवढी हलकी. तो म्हणाला, तसंच आहे, फक्त तुझ्या लाटण्याला लायसन लागत नाही.

सखीरकडे मातीच्या बशा हवेत उडवून नेम धरायची जागा आहे. तिथे बाबांनी ती पहिल्यांदा चालवली. खाणंपिणं न्यायचं म्हणून मीही गेले होते. युसूफ गाडीला टेकून उभा होता, तोंड पाडून. बाबांनी खांद्याला गादी बांधली. पहिल्या दोन बशा तशाच गेल्या. तिसरी फुटली. मग आणखी. बाबा बंदूक खाली करून दत्तारामकडे वळले आणि हसले. एवढ्या वर्षांत मी त्यांचे मागचे दात पाहिले नव्हते, ते त्या दिवशी पाहिले. माझ्या डब्यातले सगळे समोसे त्यांनी संपवले. परत येताना युसूफदेखील म्हणाला की बंदूक चांगली आहे. पण काडतुसांचं विसरू नका.

आता झालं ते सांगते.

आपल्याकडे खंडेनवमीला हत्यारं, अवजारं पूजेला मांडतात आणि दसऱ्याला पूजा उठेपर्यंत उचलत नाहीत. दत्ताराम हे कधी चुकवत नसे. बाबांच्या बंदुकीला हळदकुंकू लावणं शक्य नव्हतं आणि त्याने तसं कधी केलंही नाही. पण त्याच्या खोलीत, देवाच्या फोटोपुढे, गाडीचे पाने, जॅक, बंदूक साफ करायची सळई आणि तेलाची कुपी अशी मांडणी असायची. एकदा उदबत्तीचा वास येऊन बाबा डोकावले होते. म्हणाले, तुझी खोली, तुझा देव. आणि गेले. त्या वर्षी बंदूक नवी, बोर नवा, म्हणून त्याने अठ्ठावीसच्या काडतुसांचे डबेही पूजेत मांडले. नव्या वस्तूची पहिली पूजा व्हायला हवी, हे त्याच्या डोक्यात.

बंदुका मोरोक्कोला पाठवणाऱ्या एजंटकडे आधीच सोपवल्या होत्या. काडतुसं वेगळी जातात, त्यांचे कागद वेगळे. एजंटचा माणूस ती न्यायला आला तो नेमका नवमीला, दुपारी. मी दारात होते. दत्ताराम त्याला म्हणाला, उद्या ये. तो म्हणाला, आज ठरलंय. दत्ताराम हलेना. मी मराठीतून म्हटलं, दे बाबा, देव काही रागवत नाही. तो म्हणाला, ‘पूजेत मांडलेला उचलूचा नाय, वयनी. उद्या सकाळी मी स्वतः नेऊन देतंय.’ एजंटच्या माणसाने बाबांना फोन लावला. बाबांनी दत्तारामला विचारलं, एक दिवस चालेल का? दत्ताराम म्हणाला, ‘मफी मुश्किल, बाबा.’ बाबा म्हणाले, मग उद्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी पूजा उठवून तो डबे घेऊन गेला. कालच्या तारखेचा कागद आज चालत नव्हता. नवा करायचा तर बाबांचं विमान निघून गेलं असतं. दत्ताराम डबे परत घेऊन आला आणि स्वयंपाकघरात मांडीवर घेऊन बसला. चहा दिला तो प्यायला नाही. युसूफला वाटत होतं तेच झालं होतं.

संध्याकाळी युसूफने बापाला विचारलं, काडतुसं का नाही गेली? मी पाणी द्यायला आत होते. बाबा म्हणाले, मी विसरलो. एजंटला दिवस सांगायचा राहिला. दत्ताराम दाराशी उभा होता. त्याने तोंड उघडलं, तर बाबांनी त्याच्याकडे न बघता हाताने गप्प केलं. खरं कळलं असतं तर युसूफने त्याच क्षणी दत्तारामचा व्हिसा कॅन्सल केला असता, हे बाबांना माहीत होतं. आम्हा तिघांनाही.

ते मोरोक्कोला गेले. मी नव्हते, दत्तारामने जेवढं सांगितलं तेवढं सांगते. तिथे कुठल्याच दुकानात अठ्ठावीस नव्हतं. सोबतचे लोक बारा बोर देऊ करत होते, पण ती खांद्याला लावता येत नव्हती. बाबा रोज पहाटे सगळ्यांबरोबर निघायचे, गाडीत बसायचे. रिकामी बंदूक मांडीवर. पाखरं उठली की ती उचलून त्यांच्या मागोमाग फिरवायचे आणि परत खाली ठेवायचे. दत्ताराम शेजारी बसायचा. एकदा बाबा म्हणाले, पुढच्या वर्षी, इंशाल्ला. हे मला सांगताना दत्ताराम म्हणाला, मला होय म्हणता आलं नाही.

परत आल्यावर वेगळंच सुरू झालं. ‘मी विसरलो’ हे युसूफच्या मनात बसलं. बाप विसरायला लागला. त्याने गाडीची चावी काढून घेतली. गोळ्या मोजून हातात द्यायला नर्स ठेवली. ऑफिसात सही दुसऱ्याची चालू केली. बाबांशी मोठ्याने, सावकाश बोलायला लागला, लहान मुलाशी बोलतात तसं. कोणी पाहुणा आला की बापासमोरच सांगायचा, यांना आता लक्षात राहत नाही. बाबांचं डोकं माझ्यापेक्षा लख्ख होतं. कुठल्या दिवशी मी मीठ जास्त घातलं होतं ते त्यांना महिन्याने आठवायचं. पण ते गप्प बसायचे. एक शब्द बोलले असते तर दत्ताराम गेला असता.

मी दत्तारामला सोडलं नाही. म्हटलं, जा आणि युसूफला सांग. म्हाताऱ्याला वेडा ठरवतायत, तुला दिसत नाही? तो म्हणाला, ‘बाबांनी नको म्हणान सांगितल्यानी.’ मी म्हटलं, त्यांनी सांगितलं, तू ऐकलंस, सोयीचं आहे. तेव्हा तो खाली बघून म्हणाला, ‘पोरगी नर्सिंगाक आसा, वयनी. तिचा होवंदे, मगे सांगतंय.’ त्याच्याशी मी बरेच दिवस बोलले नाही. त्यानेही मला बारा बोर म्हणणं बंद केलं. कोणालाच काही म्हणेनासा झाला.

बाबा त्याच थंडीत गेले. झोपेत. मशीन शेवटपर्यंत नीट चाललं, असं डॉक्टर म्हणाले. मोठा त्रास झाला नाही हे खरं. पण शेवटचे महिने त्या घरात त्यांना कोणी काही विचारत नव्हतं, हेही खरं.

इथे तीन दिवस लोक भेटायला येतात. पुरुषांच्या मोठ्या दिवाणखान्यात भिंतीला लागून बसतात आणि त्यांना कॉफी देत राहायची असते. मी आत कॉफी करत होते, दत्ताराम वाढत होता. डाव्या हातात किटली, उजव्या हातात लहान पेले. शेवटच्या दिवशी बाबांबरोबर शिकारीला जाणारे त्यांचे जुने मित्र आले होते. मी किटली भरून दारात उभी होते. युसूफ त्यांना सांगत होता, वडिलांची आठवण शेवटी शेवटी फार गेली होती. आठवतं ना, मोरोक्कोला काडतुसं न्यायची विसरले? तिथूनच सुरू झालं. सगळ्यांनी माना हलवल्या.

दत्ताराम त्या मित्रांपुढे वाकून कॉफी ओतत होता. तो ओतायचा थांबला. त्याची अरबी मोडकी, पण मला समजली, म्हणजे सगळ्यांना समजली.

‘बाबा विसरले नव्हते. काडतुसं मी दिली नाहीत. माझ्या खोलीत माझ्या देवापुढे ठेवली होती. बाबांनी मला वाचवायला खोटं सांगितलं. बाबांना सगळं आठवत होतं.’

युसूफ उठला, परत बसला. त्याचा चेहरा मी बघितला नाही, बघवला नाही. दत्तारामने अर्धा राहिलेला पेला भरला, त्या मित्राच्या हातात दिला, आणि पुढच्या माणसासमोर गेला. रांग संपेपर्यंत तो ओतत राहिला. मग आत येऊन किटली माझ्यापुढे ठेवली. मी म्हटलं, हे दिवाळीत बोलला असतास तर त्याचा उपयोग होता. तो म्हणाला, होय.

लोकांना वाटतं, खरं बोललं की मन हलकं होतं. त्याचं झालं नाही. मी रोज बघत होते.

युसूफने त्याला काढलं नाही. रागावलाही नाही. दत्तारामनेच स्वतःचा व्हिसा कॅन्सल करायला सांगितला. मुलीचं शिक्षण अजून राहिलं होतं. ते मग युसूफने पुरं केलं, हे मला फार नंतर कळलं, आणि दत्तारामने मला सांगितलं नाही. ती बंदूक कोणी घेतली नाही. अठ्ठावीस कोणाला नको होतं. पोलिसांकडे जमा केली.

जायच्या दिवशी युसूफ स्वतः गाडी चालवत होता. दत्तारामला पुढे बसवलं, मला मागे. सवय नसलेला ड्रायव्हर शेजारच्या सीटवर बसला की त्याचा पाय गप्प राहत नाही. प्रत्येक सिग्नलला तो पायाखालची चटई दाबत होता. एअरपोर्टच्या पुलावर आल्यावर युसूफने हिंदीत विचारलं, ‘तू चुप रहता तो क्या होता? बाबा तो चले गये थे. किसको मालूम था?’

दत्ताराम समोर रस्त्याकडे बघतच म्हणाला, ‘बाबाको मालूम था.’

गाडी थांबली तसा तो झटकन उतरला आणि वळसा घालून मागच्या दाराशी आला. दार उघडलं आणि एक पाऊल मागे सरून उभा राहिला, मान किंचित खाली. मी बसले होते ती बाबांची जागा. मी उतरले. त्याने दार लावलं, नीट लागलं का ते एकदा ओढून बघितलं, आणि डिकीतली पेटी काढून आत गेला. मी त्याला हाक मारली नाही. युसूफ स्टिअरिंग धरून बसला होता. मागून दुसरी गाडी हॉर्न द्यायला लागली, तरी त्याने गाडी काढली नाही.